चाळीस वर्षांच्या निवेदकाची विल्हेवाट

मी, डेझमंड वॉरन पेल्की, वय एकवीस, राहणार हॅमिल्टन, मोंटाना, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कॉलेजातल्या काही जणांचं मत वेगळं पडेल, पण त्यांना विचारलेलं नाही.

कारण इतकंच की जूनपासून मी जंगलातले वणवे विझवणाऱ्या तुकडीत कामाला लागतो आहे. आमच्या प्रमुख लोरेटाबाईंचा शिरस्ता आहे, की पहिल्या हंगामाआधी प्रत्येकाने मृत्युपत्र करून यायचं. "मरायचं नाहीच आहे," त्या म्हणाल्या. "पण मागे राहिलेल्यांना भांडत ठेवून तर मुळीच मरायचं नाही." यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं. आताही फारसं नाही.

१. माझी पिकअप गाडी धाकटी बहीण ट्रूडी हिला. दुसरा गिअर पडत नाही, पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जायचं, हे तिला मी शिकवलं आहे. तिला लायसन्स मिळेपर्यंत बाबांनी गाडी विकू नये. बँकेत जे काही निघेल तेही तिचंच. ते तिने शिक्षणासाठीच वापरावं अशी अट घालायला माझ्यासारख्याने तोंड उघडू नये.

२. शिकारीची रायफल बाबांना परत. ती त्यांनीच मला तेराव्या वर्षी दिली होती. बाबा, माझ्या कादंबरीत एक बाप आहे. तो तुम्हीच का, असं तुमच्या लाकडाच्या गिरणीत कोणी विचारलं तर नाही म्हणा. ते पुरतं खोटंही ठरणार नाही.

३. माझा हिरवा स्वेटर माझ्या वर्गातल्या मारेन ऑस्टबी हिच्याकडे आहे. तो मी तिला आधीच दिलेला आहे, या वाटणीत धरू नये. तिने तो धुतला असेल तर माझी हरकत नोंदवून ठेवावी.

४. प्रेस्टन लँग याला माझा कॉफीचा मग. मगाचा कान मी फोडला आहे. का फोडला ते इथे सांगणं भाग आहे, कारण पुढचं कलम त्याशिवाय कळणार नाही.

कथालेखनाच्या वर्गात आमच्याकडे एक नियम होता. ज्याची गोष्ट वाचायला घेतली आहे त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाकीचे त्याच्यासमोर बसून बोलतात, आणि तेही त्याच्याबद्दल नाही, 'निवेदका'बद्दल. माझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण त्या दिवशी होतं. आई घर सोडून गेली त्या शरदात बाप तेरा वर्षांच्या मुलाला एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीला डोंगरात नेतो. मुलगा पहिला एल्क मारतो. रात्री बाप तंबूबाहेर शेकोटीपाशी बसून रडतो. सगळं 'मी'ने सांगितलेलं.

प्रेस्टन म्हणाला, "एक शंका. पोरगं तंबूत आहे, तंबूची चेन लावलेली. मग बाहेर बाप रडतोय हे निवेदकाला दिसलं कुठून? क्ष-किरण आहेत का डोळ्यांत?"

सगळे हसले.

"आणि दुसरं," तो म्हणाला, "इतकं हुकमी रडू? बाप रडला, पोरगा मोठा झाला, टाळ्या. मला तर हा बाप पुठ्ठ्याचा वाटतो."

मी उठलो. "मी जागा होतो! चेन तुटकी होती! हे खरं घडलंय, गाढवा!"

आमच्या वर्गात याहून नामुष्कीचं वाक्य नाही. खरं घडलंय हे सांगावं लागलं म्हणजे लिहिलेलं पडलं. प्राध्यापक ओडेल यांनी नुसते डोळे मिटून घेतले. प्रेस्टन म्हणाला, "मग चेन कागदावर तोड ना भाऊ, इथे काय सांगतोस?" बरोबर होतं त्याचं. म्हणूनच हातातला कॉफीचा मग फेकला.

कॉलेजने मला माफी मागायला सांगितली. मी तेव्हापासून कॉलेजात पाऊल टाकलेलं नाही. मगाचा कान प्रेस्टनने स्वतः जोडून घ्यावा.

५. प्राध्यापक ओडेल यांना काहीही नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नाही.

६. आता मुख्य. माझी अपुरी कादंबरी, तिच्यावरच्या सर्व हक्कांसह, मारेन ऑस्टबी हिला.

याचं कारणही त्याच वर्गातलं. मी तो मग फेकण्याआधी मारेन बोलली होती. ती नेहमी खाली बघत बोलते, टेबलावर बोटाने काहीतरी गिरवत. त्या टेबलाचा मला फार हेवा वाटत आला आहे. ती म्हणाली, "मला तंबूची अडचण नाही. मला कळत नाही की हे सांगतंय कोण. तेरा वर्षांच्या पोराला बापाबद्दल इतकी कीव येत नाही, त्याला राग येतो. कीव करणारा कोणीतरी मोठा माणूस आहे. तो मागे वळून बघतोय. आज किती वर्षांचा आहे तो?"

कोणी म्हणालं पंचवीस. ती म्हणाली, "अंहं. मला वाटतं चाळीस."

तिचं खरं होतं. वाढत्या वयाच्या गोष्टी वाढणारं पोर सांगत नाही. वाढून झालेला माणूस सांगतो. मी घरी जाऊन सगळी प्रकरणं त्या चाळिशीच्या आवाजात पुन्हा लिहायला घेतली. जमेना. तो काय विसरला असेल, कोणाला माफ करून बसला असेल, मला काय माहीत? मी अजून तो झालेलो नाही. आणि या हंगामात काही झालं तर होणारही नाही. मग ही गोष्ट सांगणारा माणूसच जगात नसेल.

म्हणून मारेनने चाळीस वर्षांची झाल्यावर ही कादंबरी पुरी करावी. 'मी' ठेवावा, 'तो' करावा, बापाच्या बाजूने सांगावी, तिची मर्जी. शेकोटी तेवढी काढू नये.

मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून माझे वडील वॉरन पेल्की यांना नेमत आहे.

सहीपूर्वी घातलेली पुरवणी:

साक्षीदार म्हणून मारेनची सही घ्यायला मी तिच्या मावशीच्या लाँड्रीत गेलो. दुसरं कोणी मिळालं नसतं असं नाही. कॉलेज सोडल्यापासून आम्ही भेटलो नव्हतो.

बर्नडीनमावशी काउंटरवरूनच म्हणाली, "सही कसली? लग्नाची असेल तर आधी दाढी करून ये." मारेन चादरींच्या घड्या घालत होती. तिने हात पुसले, कागद घेतला, आणि उभ्याउभ्या सगळा वाचला.

"डेझ, हे सहावं काय आहे?"

"तुला देतोय."

"मला विचारलंस?"

मावशीने चष्मा चढवून डोकावलं. "हिला काही देतोयस? मग हिची सही चालायची नाही. ज्याला मिळणार त्याने साक्षीला राहू नये, नंतर कोर्टात कटकट होते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी झाली होती. एक काय ते ठरवा. हिला दे, नाहीतर हिची सही घे."

मी म्हणालो, "मग दुसरा साक्षीदार बघतो."

"पेन दे," मारेन म्हणाली.

"अगं, पण..."

"दे रे. आणि आधी ते कलम खोड. तुझ्या हाताने."

"मग कादंबरीचं काय?"

"चाळीस वर्षांचा माणूस सांगणार आहे ना ती? मग त्यालाच सांगू दे. माझ्या अंगावर कशाला टाकतोस?" तिचा आवाज चढला होता. "मी नाही घेणार, डेझ. घेतलं की तू सुटलास."

सबब सहावे कलम मी स्वतःच्या हाताने रद्द केले आहे. कादंबरी कोणालाही दिलेली नाही. ती पुरी करण्याची जबाबदारी माझ्याकडे राहील.

हॅमिल्टन, मोंटाना
२६ मे २०१८

(सही) डेझमंड वॉरन पेल्की

साक्षीदार १: मी चष्मा लावून पाहिलं आहे. सही त्याचीच आहे. दाढी केलेली नाही.
(सही) बर्नडीन क्रोल

साक्षीदार २: मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर होता. सही करताना तो घाबरलेला होता. हे त्याने वर कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.
(सही) मारेन ऑस्टबी