मृण्मयीच्या टेस्टची तयारी

१६ ऑक्टोबर २००६, सोमवार

सहामाहीचा निकाल. मृण्मयी: बीजगणित ७५ पैकी ११. भूमिती ९.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. सोळा वर्षं लातुरात गणित शिकवतोय. क्लासची पोरं मेरिटला येतात, पेपरात त्यांच्या फोटोशेजारी माझा फोटो येतो. आणि घरात अकरा.

तिच्या वर्गशिक्षकांनी, बसवराज सरांनी, शाळेत बोलावलं. म्हणाले, "सर, पोरगी लई कष्ट करायलीय, पण लक्षात राहीना तिच्या. हैदराबादच्या एक मॅडम महिन्यातून एकदा नांदेडला येतात. मेंदूच्या टेस्ट घेतात. लक्ष किती, स्मरण किती, वेग किती, सगळं मोजतात. त्यांचा रिपोर्ट जोडला तर बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो." फॉर्मची शेवटची तारीख ८ डिसेंबर.

लेखनिक. रेणुकादास सरांच्या मुलीला. मी हसलो. बसवराज सर हसले नाहीत.

खरं कारण concentration. डावा हात जरा आळशी आहे. फिटच्या गोळ्या चालू आहेत, पण त्या लहानपणापासूनच्या, म्हणजे सवयीच्याच. बाकी पोरगी ठणठणीत.

निश्चय: टेस्ट करायची. रिपोर्ट नॉर्मल आणायचा. बसवराज सरांच्या टेबलावर ठेवायचा. टेस्ट म्हटली की तयारी आली. तयारी म्हटली की मी आलो.

१७ ऑक्टोबर, पहाटे ४.४०

मृण्मयीला उठवलं. ती बसल्या बसल्या झोपली. पुन्हा उठवलं.

तिच्या आईचं, इंदूचं म्हणणं, डॉक्टरांनी आठ तास झोप सांगितलीय, झोप मोडली की फिट येते. मी म्हणालो, आठ तास झोपून कोणी डॉक्टर झालेलं नाही. ती म्हणाली, डॉक्टर व्हायचंय कोणाला? सकाळी वाद नको.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी झाली. वेळ वाया गेला नाही. एक जुना विद्यार्थी पुण्यात सायकॉलॉजी शिकतो. त्याला फोन करून बरंच काढून घेतलं. आकडे सांगतात, ते उलट म्हणायचे. पंधरा शब्द वाचून दाखवतात, आठवतील तेवढे सांगायचे. ठोकळ्यांची नक्षी जुळवायची. म्हणजे सिलॅबस आहे. सिलॅबस आहे म्हटल्यावर काळजी संपली.

तो म्हणाला, सर, याची प्रॅक्टिस करत नसतात. सायकॉलॉजीला गेला तो यामुळेच.

सुताराकडून नऊ ठोकळे करून घेतले. लाल-पांढरे रंगवले. पंधरा शब्दांची यादी मीच केली. बादली, मोर, खिडकी, लिंबू, शिंपी, असे सोपेच.

आकडे उलट: तीनपर्यंत येतात. उद्या चार.

२ नोव्हेंबर, गुरुवार

आकडे उलट: तीन.

ठोकळे: डाव्या हाताने पडतात. उजव्याने कर म्हटलं. उजव्याने जुळवते पण फार वेळ लागतो. स्टॉपवॉच लावलं की आणखी वेळ लागतो. स्टॉपवॉच खराब असावं.

शब्द मात्र पंधराच्या पंधरा. चारशे वेळा म्हणवून घेतले. पोरगी हुशार आहे हे मी म्हणतच होतो. जेवतानाही पुटपुटते. कोणाला सांगायचं नाही हेही पढवलंय.

९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी साडेपाचला चक्कर आली मृण्मयीला. ठोकळे मांडत होती. पडली, हातपाय झटकले, दोन-तीन मिनिटं. चक्करच म्हणायची. इंदू तिला कुशीवर वळवून बसून राहिली. मी ठोकळे गोळा केले, नाहीतर पायाखाली आले असते.

इंदू आता आमच्या खोलीत झोपत नाही. मुलीजवळ झोपते. दाराला आतून कडी लावते. त्यामुळे पहाटेची बॅच तात्पुरती बंद.

१८ नोव्हेंबर, शनिवार. नांदेड

सहाची एसटी. चाकूर, अहमदपूर, लोहा. इंदू यायचं म्हणत होती, मी नको म्हणालो. परीक्षेला आई बरोबर असली की मुलं ढिली पडतात. तिने मृण्मयीची जुनी फाइल दिली होती, ती जड होती म्हणून घरीच ठेवली. लोह्यापर्यंत रिव्हिजन.

उमैमा मॅडम तिशीच्या असतील. मूळच्या नांदेडच्याच, शिकल्या हैदराबादला. आधी फॉर्म भरायला दिला.

फिट शेवटची कधी? 'आठवत नाही' लिहिलं. चक्कर नऊ दिवसांपूर्वी होती, पण चक्करेचा रकाना नव्हता.

पूर्वी डोक्याला मार? 'नाही' लिहिलं. तेव्हा ती तीन वर्षांची होती. अर्ध्या जिल्ह्याच्या डोक्यावर काही ना काही पडलं. त्याला मार म्हणत नाहीत. भूकंप म्हणतात.

मला बाहेर बसवलं. मी आत बसतो म्हणालो, मॅडम म्हणाल्या नक्को, तीन तास लागतील, फिरून या. फिरलो नाही. दाराच्या काचेतून दिसत होतं. मृण्मयी हसत होती. बऱ्याच दिवसांनी दात दिसले. पेपर सोपा गेला की मुलं हसतात.

त्याच दिवशी, परतीच्या एसटीत

तीन तास लागलेच नाहीत. चाळीस मिनिटांत मॅडमनी मला आत बोलावलं.

मॅडमनी पंधरा शब्द वाचले. चमचा, ढग, कुलूप असे काहीतरी. मग विचारलं, काय आठवतं? मृण्मयीने सांगितलं: बादली, मोर, खिडकी, लिंबू, शिंपी. पंधराच्या पंधरा. माझ्या क्रमाने.

मॅडम म्हणाल्या, "सर, बुरा मानू नका. चष्म्याचा नंबर काढायच्या आधी तुम्ही तक्ताच पाठ करवलात, तर मी चष्मा कसला देऊ?" मी म्हणालो, पाठांतर झालं म्हणजे स्मरणशक्ती चांगलीच ना. त्या म्हणाल्या, "सर, ती माझे शब्द ऐकतच नव्हती. तुमचे विसरू नयेत म्हणून घाबरून बसली होती."

मृण्मयीने ठोकळ्यांचंही सांगितलं. चक्करेचंही सांगितलं. साडेपाचचंही सांगितलं. कोणी तिला विचारलं नव्हतं म्हणे, आपणहून.

आजची टेस्ट धरता येणार नाही. नांदेडला मॅडम पुन्हा १६ डिसेंबरला येणार, तोवर फॉर्मची तारीख जाते. म्हणून ३० नोव्हेंबरला हैदराबादला या म्हणाल्या, तिथे दुसऱ्या टेस्ट आहेत. आईला आणा. जुनी फाइल आणा. तोवर काही शिकवू नका. हे शेवटचं दोनदा म्हणाल्या.

मृण्मयी खिडकीशी झोपलीय. चाकूर आलं. उठवलं नाही. याची नोंद असावी.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सहा दिवस काही शिकवलं नाही. फक्त ठोकळे टेबलावर राहिले होते. ते तिला दिसत होते एवढंच. आज इंदूने ते माळ्यावर टाकले.

२९ नोव्हेंबर, बुधवार

हैदराबादला जाता येणार नाही. उद्यापासून बारावीची टेस्ट सिरीज आहे. एकशे दहा मुलं. आईबाप आपापलं गाव सोडून इथे खोल्या घेऊन राहिलेत. त्यांच्या विश्वासाचं काय? इंदूला म्हणालो, जानेवारीत जाऊ. फॉर्मची तारीख पुढे ढकलून घेतो, बोर्डात ओळख आहे.

ओळख नाही. पण काढता येईल.

इंदू भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्र्याण्णवलाही तुमची टेस्टच होती."

ती असं कधी बोलत नाही.

३० नोव्हेंबर, गुरुवार

दोघी गेल्या. फाइल घेऊन गेल्या. मला उठवलं नाही.

आता लिहूनच टाकतो, म्हणजे गैरसमज नको. त्र्याण्णव साली इंदू मुलीला घेऊन माहेरी गेली होती, औसा तालुक्यात, गणपतीला. विसर्जनाच्या आदल्या दिवशी परत येणार होती. मी निरोप पाठवला, स्कॉलरशिपच्या मुलांची टेस्ट आहे, घरात गडबड नको, दोन दिवस उशिरा या. त्या दोन दिवसांत जमीन हलली. मातीची भिंत पोरीवर आली. इंदूने हातांनी माती उपसली. पुढे सोलापूरला दवाखान्यात बावीस दिवस. जिल्हाच्या जिल्हा गाडला गेला त्यात आपली वाचली, यातच सगळं आलं. कोणीही टेस्ट ठेवली असती. कोणाला माहीत होतं?

टेस्ट सिरीज: पहिल्या पेपरात मीच दोन प्रश्न चुकीचे छापले. मुलांनी दाखवून दिलं.

६ डिसेंबर, बुधवार

रिपोर्ट आला. नऊ पानं.

लाल पेन घेऊन वाचला. सवय. पहिल्या पानावर दोन स्पेलिंगच्या चुका, त्यांवर गोल केला. दुसऱ्या पानावर: 'वयाच्या तिसऱ्या वर्षी भूकंपात भिंत कोसळून डोक्याला गंभीर इजा. माहिती देणारी: आई.' त्यावर काही केलं नाही.

बोललेलं समजणं जवळपास वयाप्रमाणे. वेग फार कमी. नवीन यादी अर्ध्या तासात पुसली जाते, पण दोन-तीन पर्याय समोर ठेवले तर बरोबर ओळखते. थकली की चुका वाढतात. म्हणजे आळस नाही, असं स्पष्ट लिहिलंय. जादा वेळ द्यावा. लेखनिक द्यावा. पूर्ण झोप. एका वेळी एकच गोष्ट. गोळ्यांचा डोस तपासून घ्यावा. 'वडिलांशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक.' इथे समासात प्रश्नचिन्ह काढलं.

आठव्या पानावर अर्धी वाक्यं होती, ती तिने पुरी करायची. मृण्मयीला विचारून हे घरच्यांना दाखवत आहोत, असं वर लिहिलेलं.

'मला बरं वाटतं तेव्हा': लोडशेडिंग असतं.
'मला भीती वाटते': विसरल्यावर.
'माझे बाबा':

पुढे कोरं. खाली मॅडमची टीप: चार मिनिटे पेन हातात धरून बसली. नंतर पुढच्या वाक्यावर गेली.

कोऱ्या जागेला मार्क देत नसतो.

इंदू मागे उभी होती. लाल पेन बघून म्हणाली, "किती पडले मॅडमना?"

७ डिसेंबर, गुरुवार

फॉर्मवर सही केली. नेऊन इंदूने दिला. मंजुरी येईल म्हणे.

उमैमा मॅडमचा फोन आला होता. मी क्लासमध्ये आहे असं सांगायला सांगितलं. मी समोरच होतो.

१५ जानेवारी २००७, सोमवार

नवी पद्धत. रिपोर्टप्रमाणे. वीस मिनिटं अभ्यास, दहा मिनिटं विश्रांती. विश्रांतीचं टाइमटेबल करून भिंतीवर लावलं. विश्रांतीत तिने काय करायचं तेही लिहिलं, नाहीतर वेळ फुकट जातो. स्टॉपवॉच नवीन आणलं.

मृण्मयी विश्रांतीला घाबरते असं इंदूचं म्हणणं. हे नवीनच.

डॉक्टरांनी गोळी बदलली. दोन महिन्यांत चक्कर नाही. फिट नाही, असं लिहायला हवं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

बोर्डाची मंजुरी आली. शाळेने लेखनिक म्हणून नववीतली पंचशीला दिली. अक्षर छान, पोर शांत. शाळेत सराव करताना मृण्मयी सांगते, ती लिहिते. बसवराज सर म्हणाले, चांगलं जमायलंय दोघींचं.

पण नववीच्या पोरीला दहावीचं बीजगणित कळणार कसं? चुकीचं चिन्ह लिहिलं म्हणजे? उद्या तिला घरी बोलावतो. फक्त भाषा समजावी म्हणून.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीनच दिवस शिकवलं. वर्गसमीकरणापर्यंत आली होती. चुणचुणीत आहे.

बसवराज सर घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "सर, हे काय करायलाव? लेखनिकाने स्वतःचं डोकं चालवायचं नसतं. वर कळलं तर परवानगी जाईल, पोरीचं वर्ष जाईल. वरून पंचशीला रडायलीय, मला हे काम नको म्हणून." मी म्हणालो, हेतू चांगला होता. ते म्हणाले, "हेतूचं कोण विचारतंय, सर."

मृण्मयी दारात उभी होती. सगळं ऐकलं. मग चप्पल घालून इंदूबरोबर पंचशीलाच्या घरी गेली, समजूत काढायला. माझी पोरगी कोणाची समजूत काढते हे मला माहीत नव्हतं. तासाने आल्या. पंचशीला तयार झाली. कसं केलंस विचारलं तर म्हणाली, "मी सांगितलं, तुला काही यायची गरज नाही. मला जेवढं येतं तेवढंच लिही."

११ मार्च, रविवार

उद्या बीजगणित. काहीही विचारलं नाही. सूत्रांचा कागद तिच्या उशाखाली ठेवावा असं एकदा वाटलं. नाही ठेवला. ठेवला होता, इंदूने काढला.

मी म्हणालो, उद्या सेंटरपर्यंत सोडायला येतो, गेटबाहेरच थांबेन. मृण्मयी पोळी खात होती. घास संपवला, पाणी प्यायली. तिला वेळ लागतो, आता मी थांबतो.

म्हणाली, "बाबा, तुम्ही नका येऊ. तुम्ही दिसलात की मला आठवत नाही."

रागाने नाही म्हणाली. कुठल्या बसने जायचं ते सांगावं तसं सांगितलं.

१२ मार्च, सोमवार

सकाळी १०.१५. दोघी गेल्या. मी घरी. क्लासला सुट्टी दिली आहे. एकशे दहा मुलांचे आईबाप काय म्हणतील ते म्हणोत.

११.००. पेपर सुरू झाला असेल.

११.२०. लाईट गेली. बरं वाटावं म्हणून बसून पाहिलं. गरम होतं.

१२.४०. नांदेडला फोन लावला. उमैमा मॅडम या महिन्यात परवा येणार आहेत. वडिलांशी स्वतंत्रपणे बोलायचं होतं त्यातले वडील, असं सांगून नाव नोंदवलं. तिकडच्या बाईंनी विचारलं, पेशंट कोण? मग माझंच नाव सांगितलं.

२.४०. जादा वेळेसकट पेपर संपला असेल.

३.१०. इंदूचा फोन, रुपयाच्या डब्यावरून. तिघी रसवंतीत उसाचा रस प्यायला थांबल्यात, पंचशीलाही आहे. मृण्मयी खुशीत आहे, कसा गेला ते विचारू नका, मॅडमनी सांगितलंय.

विचारलं नाही.

म्हणजे एकदाच विचारलं.

इंदूने फोन ठेवला.