वाकडी पट्टी

१० जुलै, बुधवार

आजपासून फोनवर बसवलंय. मासेमारी खात्यातल्या कागद लावायच्या खोलीतून थेट फोनवर! मार्लिस बाळंतपणाला गेली म्हणून. कोण बंदीच्या दिवशी कॉड मासा पकडतंय, कोण माणशी पाचापेक्षा जास्त मासे नेतंय — लोक सांगतात, मी लिहून घेते, मग अधिकारी निघतात.

आमच्या वरिष्ठ पार्डीबाईंनी दोनदा समजावलं. सांगणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. इथलं इथेच. आणि आवाज ओळखीचा निघाला तर लगेच फोन शेजारच्या टेबलावर द्यायचा. "आपलं बेट ते केवढं, जेनीन. कधीतरी मामा-मावशी निघायचेच."

सही केली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळा पुरी केली नाही. बाबा अजून सही करताना जीभ बाहेर काढतात. त्यामुळे कुठल्याही कागदावर सही करताना मला वाटतं, सगळं घराणं मागून वाकून बघतंय.

१४ जुलै, रविवार

रविवारचं गावी, घरी आले होते. समोरच्या घरात काकूने माझ्यासाठी कॉड शिजवला होता, वर खारवलेल्या डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. आई गेल्यापासून ही काकूच माझी आई.

दारातच लेव्हीकाका — "आली बघा सरकारची सून! माझे मासे मोजणार का गं?"

बाबांना हसू आलं नाही. गेल्या गुरुवारी, बंदी असताना, काका बोट घेऊन गेला होता. तिसऱ्यांदा.

"माणशी पाच म्हणजे पाच, लेव्ही! समुद्र काय आपल्या बापाचा आहे?"

"बापाचाच होता, हेडली! सरकार मधे आलं कुठून?"

"तुझा गुडघा सरकारशिवाय बदलला कोणी? एक पै तरी दिलीस?"

"गुडघा त्यांचा, मासा माझा!"

काकू हसून हसून खुर्चीत बसली. मीही हसले. बाबा ताट तसंच टाकून उठले. दारात म्हणाले, "आपल्या बापानेच संपवले रे सगळे मासे. मी होतो त्या बोटीवर." ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

फोनवर बसवलंय हे घरी सांगितलं नाही. सांगायची परवानगी आहे का, हे पार्डीबाईंना विचारायचं राहून गेलं होतं.

१७ जुलै, बुधवार

लिहू की नको? इथलं इथेच, असं वचन दिलंय. पण ही वही म्हणजे काही माणूस नाही. वहीला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं होतं का?

सकाळी फोन उचलला. ठरलेलं वाक्य म्हटलं. पलीकडे कुणी बोलेना. लाइन गेली असं वाटलं. मग खोकला.

तो खोकला मी लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकत आलेय.

बाबा! फोन शेजारी द्यायला हवा होता. पण दिला असता तर शेजारच्या टेबलावरच्या ग्वेनला कळलं असतं — जेनीनच्या ओळखीचा कुणीतरी आहे. मग कोण, कुठला... नाही दिला. आणि "बाबा" म्हणायची तर हिंमतच नव्हती. म्हणजे एक नियम मोडला आणि बाकीचे सगळे पाळले. हे कसलं पाळणं?

खाडीचं नाव त्यांनी सांगितलं. माणसाचं नाव सांगितलं — स्वतःच्या भावाचं. हळू बोलत होते. मग यादीतला पुढचा प्रश्न आला आणि मी तो विचारला. खरंच विचारला!

"बोटीचा रंग?"

मग — "हिरवी. वर पांढरी पट्टी." आणि थोडं थांबून — "पट्टी एका जागी वाकडी आहे."

ती वाकडी मी केली. अकरा वर्षांची होते. काकाने ब्रश हातात दिला आणि नंतर कधी दुरुस्त केली नाही. दर मे महिन्यात बोट रंगवायला घेतली की तशीच वाकडी ओढतो. म्हणतो, सरळ पट्टीची बोट कुणाचीही असते.

मी लिहिलं : हिरवी, पांढरी पट्टी. वाकडी असल्याचंही लिहिलं. मग म्हटलं, "धन्यवाद. तुमची माहिती नोंदवली आहे."

त्यांनी लगेच फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

१८ जुलै

दिवसभर दुसऱ्यांचे फोन घेतले. घरी फोन केला नाही.

१९ जुलै, शुक्रवार

पकडलं. काकूचा फोन आला, नुसती रडत होती. धक्क्यावर दोन अधिकारी वाटच बघत होते म्हणे. टोपलीत तीस मासे. बोट, इंजिन, जाळी, सगळं ताब्यात. "नेमके आजच कसे गं आले?"



३ ऑगस्ट, शनिवार

काकूकडे जायला नको होतं. पण न जाणं म्हणजे कबूल करणं.

काकूने चहा दिला. डब्यातलं दूध माझ्यापुढे सरकवलं नाही, मला हात लांब करून घ्यावं लागलं. मग म्हणाली, "या घरातलं एकच माणूस सरकारात बसतं."

"थेल्मा, गप," काका म्हणाला. "त्यात पोरीचं काय चुकलं?" पण माझ्याकडे बघून नाही.

"मी नाही केलं" म्हणायला तोंड उघडलं. पण ते खरं आहे का? सांगितलं नाही, पण लिहिलं तर मीच. खोटं बोलायचं नाही म्हणून गप्प राहिले. आणि त्या गप्प राहण्याचाच त्यांनी अर्थ लावला.

बाबा टेबलाच्या टोकाला पावाला लोणी लावत होते. त्याच तुकड्यावर परत परत. त्यांना वाटत असेल, मला काही माहीत नाही. तसंच वाटू दे. एवढं तरी मी करू शकते. दोघांपैकी एकाला तरी या घरात चहा मिळायला हवा.

१२ ऑगस्ट

पार्डीबाईंना सांगायला गेले — आवाज ओळखीचा होता, मी फोन दिला नाही. पण नुसतं विचारलं, असं समजा झालं, तर?

"मासे सापडले ना? मग सांगणारा कोण होता, ऐकणारा कोण होता, कोर्टाला काय करायचंय?" मग चष्म्यावरून — "का गं?"

"सहज."

खोटं! इतक्या जपून राहून शेवटी इथे खोटं बोलले.

१४ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग

दरवर्षी या सुगीच्या सणाचं जेवण काकूकडे. यंदा बोलावणं नाही. मला नाही म्हणून बाबाही गेले नाहीत. दोघांनी बोलोनी सॉसेजचे काप तळून खाल्ले. समोरच काकूची खिडकी. तिने पडदा ओढून घेतला.

बाबा म्हणाले, "माझ्यामुळे..." आणि थांबले. मी घाईने म्हटलं, "बटाटे छान झालेत."

का थांबवलं मी त्यांना? त्यांनी बोलावं असं मला वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण ते बोलले असते तर मलाही बोलावं लागलं असतं.

७ नोव्हेंबर

कोर्ट. काकाने सगळं कबूल केलं. बोट सरकारजमा. बाहेर येऊन तो गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "गुडघा दिला, बोट घेतली. फिट्टंफाट!" चार माणसं हसली. काकाचे डोळे हसत नव्हते.

बाबाही आले होते, मागच्या बाकावर. दोघं भाऊ एकाच दाराने बाहेर पडले, एकमेकांना वाट देत. जे भावाला तोंडावर ऐकवता येत नाही, ते ऐकवायलाच जणू सरकारने फोन ठेवलाय. आणि त्या फोनवर मी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बोट नेली. ताब्यात घेतल्यापासून धक्क्यावरच साखळीने बांधलेली होती. आज ट्रकवर चढवली. सगळी खाडी बघायला. वळणावर ट्रक तिरका झाला आणि ती वाकडी पट्टी क्षणभर सरळ दिसली.

काकू माझ्याजवळ येऊन उभी राहिली. वाटलं, हात धरेल. म्हणाली, "तो मे महिन्यासाठी ब्रश धुऊन ठेवत होता." आणि गेली.

बाबा धक्क्यावर आले नाहीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी बसपर्यंत सोडलं. गाडी थांबवली, उतरू दिलं नाही. समोर काचेकडे बघतच बोलले.

"पट्टी वाकडी आहे, हे मुद्दाम सांगितलं तुला. वाटलं, आता तरी 'बाबा' म्हणशील. म्हणाली असतीस, तर तिथेच फोन ठेवला असता."