पांढऱ्या कावळ्याची गोष्ट

१० नोव्हेंबर, सोमवार
मिशन सुरू. माझ्या दुसरीच्या वर्गाला गोष्टीतून वर्णभेद समजावायचा. महिनाअखेरीस केजहून साहेब शाळा बघायला येणार. त्यांच्यापुढे पोरं त्याच गोष्टीचं नाटक करतील. मुख्याध्यापक भगवानराव म्हणाले, आपल्या गावात कुठंय वर्णभेद? कीव आली. धारूरच्या घाटापलीकडं जग आहे हे या माणसाला रिटायर होईपर्यंत कळणार नाही. पहिलीच्या वर्षाराणी मॅडम म्हणाल्या, सर, आधी मुलांना काय वाटतं ते विचारा. मॅडम नवीन आहेत. पोरांना काय वाटणार? वाटायला अक्कल लागते.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
गोष्ट स्वतःच लिहिली. पुस्तकातल्या गोष्टींत दम नाही. थीम अशी: कावळा काळा. सगळे पक्षी त्याला हिणवतात. तो खरं बोलतो, इमानदारीनं राहतो. शेवटी देव प्रसन्न होऊन त्याला पांढराशुभ्र करतो आणि सगळे पक्षी त्याला जवळ घेतात. लिहिताना माझेच डोळे भरून आले. शिवगंगाला वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. म्हणाली, आणि पांढरा झाला नसता तर? बायकोला साहित्यातलं कळत नाही. तरी मी तिला कमी लेखत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
गोष्ट सांगितली. वर्ग चिडीचूप. सुपरहिट.
कावळ्याच्या पार्टला करिष्माला उभं केलं. वर्गात सगळ्यांत सावळी तीच, मेकअपची भानगड नाही. शेवटी देव प्रसन्न झाला की पावडर फासायची. आई-बाप ऊसतोडीला कर्नाटकात, पोरगी आजीपाशी. अशा मुलीला स्टेज देणं हीच खरी समता. बगळ्याचा पार्ट सरपंचाच्या सायलीला. करिष्मानं मान खाली घातली. भारावली असावी.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आमच्या मुलाला, सोमेश्वरला, स्थळ आलं. तो बीडला क्लासेसवर गणित शिकवतो. मुलगी बीएड, माणसं चांगली. फोटो पाहिला. उन्हात काढलाय म्हणे. एवढं ऊन बीडला पडत नाही. पत्रिका जमत नाही असं कळवलं. रंगावरून कुणाला दुखवू नये, हे माझं तत्त्व.
शिवगंगा फणकाऱ्यानं आत गेली. ती स्वतः सावळी. तिला म्हणालो, इतक्या वर्षांत तुला रंगावरून कधी बोललोय का? ती म्हणाली, हे तुम्ही दर दिवाळीला सांगता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मधल्या सुट्टीत पोरं करिष्माच्या मागं काव काव करत पळत होती. म्हणजे गोष्ट पक्की डोक्यात बसली. वर्षाराणी मॅडमनी पोरांना दटावलं. मला म्हणाल्या, सर, हे तुम्ही थांबवायला पाहिजे. मी म्हणालो, शिक्षण ही प्रोसेस असते. त्यांना प्रोसेस समजेना.

२० नोव्हेंबर, गुरुवार
करिष्मा गैरहजर. कालही नव्हती. या लोकांना शिक्षणाची कदरच नाही. तालमीचा खोळंबा. कावळा म्हणून सायलीला पावडर लावून पाहिली. ती मुळातच गोरी, फरक दिसेना.

२४ नोव्हेंबर, सोमवार
शेवटी मीच करिष्माच्या घरी गेलो. असा शिक्षक आज कुठं मिळतो? जाताना गोरं करणाऱ्या क्रीमची ट्यूब नेली, स्वतःच्या पैशानं. तिची आजी भिवराबाई दारात बाजरी पाखडत होती. तिला समजावलं की रोज लावत जा, पोरीला कॉन्फिडन्स येईल. म्हातारीनं ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली.
"सर, तुमच्या गोष्टीच्या आदी माजी नात नुस्ती करिष्मा व्हती," ती म्हणाली. "आता आरसा पालथा घालून ठिवलाय तिनं. हात लावू देत न्हाई कुणाला."
मी म्हणालो, नाटकापुरतं तरी पाठवा. म्हणाली, तुमी गोष्ट सांगणार नसाल तर धाडते.
करिष्मा आत भिंतीकडं तोंड करून बसली होती. हाक मारली. वळली नाही. पुन्हा हाक मारली.
चहासुद्धा विचारला नाही. घरी आलो, जेवण गेलं नाही. वांगी तिखट झाली होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार
साहेब आले. कावळ्याअभावी नाटक रद्द. साहेबांनी वर्गाला विचारलं, गोष्टीतून काय शिकलात? सायली ताडकन उठली. म्हणाली, चांगलं वागलं की माणूस गोरा होतो.
साहेबांचा वर्ण चांगलाच काळा आहे. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. भगवानरावांना एवढंही सुचलं नाही.
साहेब माझ्याकडं वळले. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे माझं वागणं अजून कमीच पडतंय, सर."
भगवानरावांनी दुपारीच माझा गोष्टीचा तास वर्षाराणी मॅडमला दिला. राजकारण. दुसरं काय?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
करिष्मा आली. माझं जाणं वाया गेलं नाही.
गोष्टीच्या तासाला मी बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसलो. मॅडम गोष्ट सांगतच नव्हत्या, पोरांनाच विचारत होत्या. शिकवायची ही काय पद्धत? मग करिष्माचा आवाज आला. ती काहीतरी रंगवून सांगत होती आणि पोरं हसत होती. चिडवल्यासारखं नव्हतं. माझ्या वर्गात पोरं असं कधी हसली होती, ते आठवेना.
मार्गदर्शन लागलं तर जवळ असावं म्हणून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. करिष्मानं मला पाहिलं. सांगता सांगता थांबली. उठून आली आणि खिडकी लावून घेतली.
ऊन येत असेल.
खिडकी उत्तरेची आहे.