गयामावशींची मेथीची जुडी

सुजातावहिनी,

दाराला कुलूप बघून घाबरू नका. गयामावशी माझ्याबरोबर कॅम्प चारच्या भाजीबाजारात चालल्यात. चिठ्ठी मी, शेजारची मंदा, लिहितेय, कारण त्यांच्या बोटांना आज फार सूज आहे. संधिवाताची दुपारची गोळी त्यांनी आमच्याकडेच जेवल्यावर घेतली.

सकाळी तुम्ही अंबरनाथला कंपनीत गेल्यावर त्या रडत होत्या. कुठं दुखतंय विचारलं, तर म्हणाल्या, "सांध्यांमुळं रडते का रिकामं बसून रडते, माझं मलाच कळत नाय." तुम्ही पहाटे उठून भाजीसुद्धा निवडून, चिरून, शिजवून जाता. त्यांना फक्त ताटावर बसायचं राहतं. मग आमच्याकडे मेथी दिसली, तशी न विचारता पुढ्यात ओढली. एका जुडीला दीड तास लागला, निम्म्या जाड काड्या पानांतच राहिल्या. मी पुन्हा निवडली नाही, तशीच शिजवली.

आता बोटं ठणकतायत म्हणतात आणि वर गाणं गुणगुणतायत. बरं वाटतंय की वाईट, मला तर काही समजेना.

त्या म्हणाल्या, उद्यापासून भाजी निवडून जाऊ नको असं लिही. लगेच म्हणाल्या, नको, सुनेला वाईट वाटेल, खोड ते. मी खोडलं नाही. म्हणून रुसून पेन मागतायत. खालचं वाकडं अक्षर त्यांचं आहे.

सुजा, दोन जुड्या आणते. एक तू निवड. एक माझी.