खर्जाचा डबा

बाबा, काल भाचीच्या हळदीत आई गायली. मांडवात, माइकसमोर खुर्ची टाकून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तुला बरं वाटावं म्हणून हे कळवत नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्यासाठी रडायचं तेवढं रडून झालं, आणि काल तिचा तो हळदीचा धवला ऐकल्यापासून मला तुझा असा राग आलाय की आज सकाळी भाकऱ्या करताना मी तवा आपटला आणि वहिनीने मला ओट्यापासून बाजूला केलं. तेव्हा कागद घेऊन बसले. आम्ही पोरं तुला घरात अरेतुरेच करायचो, इथेही तेच करणार आहे.

कोनपासून वडप्यापर्यंत कुठल्याही गावात हळद असली की लोक तुझ्या बेंजो पार्टीला शोधत यायचे, आणि तू समजायचास ते बेंजोसाठी येतात. बटणांचा तो लांबट बेंजो गावोगाव कोणी ना कोणी वाजवायचं. तुझ्या पार्टीत आईसारखी धवलारीण होती म्हणून लोक यायचे. नवऱ्याला किंवा नवरीला पाटावर बसवून हळद लावताना बायका जे धवले गातात, ते आईला तिच्या आईकडून आलेले. ती ते पाटाशेजारी मांडी घालून, कुठल्याही वाद्याशिवाय गायची. तिला तिथून उठवून माइकसमोर उभं करायचं आणि मागे बेंजो, ढोलकी, कीबोर्ड लावायचे, ही कल्पना तुझी. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. नाचायला आलेली माणसं थांबून ऐकायची.

पण ज्याचा त्याचा गळा, त्याचा त्याचा सा. हे तूच मला शिकवलंस, म्हणून तर जास्त संताप येतो. तुझ्या पार्टीतला गाणारा पुरुष पेटीच्या काळी एकमध्ये गायचा, म्हणून बेंजो काळी एकला लावलेला. आईचा गळा त्याच्या किती तरी वर, काळी पाचच्या आसपास. तुझ्या पट्टीत खाली गायली तर तिचा आवाज पुटपुटल्यासारखा यायचा, ढोलकीतच बुडायचा. म्हणून तू तिला वरच्या सप्तकात गायला लावलंस. तिथे ती गात नव्हती बाबा, ओरडत होती. देवाधर्माची, नात्यागोत्याची ती सावकाश गाणी ती मानेच्या शिरा ताणून ओरडायची, आणि तू तिच्याकडे पाठ करून बेंजोवर वाकलेला असायचास.

एक दुपार मला स्वच्छ दिसते. आई मोरीशी उभी राहून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतेय, संध्याकाळी पुन्हा हळद आहे. तू पितळी समोर घेऊन भात कालवतोयस. मी तेव्हा कॉलेजात जायला लागलेली, तोंड सुटलेलं. मी म्हणते, बेंजो तिच्या पट्टीला लाव ना, खुंट्या फिरवल्या की झालं. तू घास हातातच ठेवून माझ्याकडे बघतोस. रागावून नाही, अगदी शांतपणे, एखाद्या येड्या पोरीला समजवावं तसं बोलतोस. "बेंजो सुराला लावलाय, तो आता हलवाचा न्हाय. पट्टी पार्टीची असते. गानारनीची नसते." आईने गुळणी टाकली आणि तुला आमटी वाढायला आली.

लूमच्या कारखान्यात तू माग जुळवणारा जॉबर होतास. एवढ्या खडखडाटात एक धागा तुटला तरी तुझा हात आपोआप जायचा आणि लूम थांबायचा. शेठसुद्धा त्याचं कौतुक करायचा. घरात तुझ्या बायकोचा गळा तुटत होता तो तुला ऐकू आला नाही. कारखान्यामुळे कान गेले होते असं लोक तुझी बाजू घेऊन सांगतात. मी नाही मानत. ढोलकी केसभर उतरली तरी तू मान वळवायचास.

शेवटी ऐन लग्नसराईत तिचा आवाज बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी आत बघितलं, आवाजाच्या पडद्यांवर गाठी आहेत म्हणाले, बोलू नका, गाणं तर लांबच. आई खुणांनी स्वयंपाक करायला लागली. मीठ पाहिजे तर बोटं चोळायची, पाणी पाहिजे तर अंगठा तोंडाशी न्यायची. आणि तेव्हा, बाबा, तू सुट्टी टाकून मुंबईला गेलास आणि तो डबा घेऊन आलास.

तुझा चेहरा काय खुलला होता. निळा, मुठीत मावेल एवढा लोखंडी डबा, पायाने दाबायचं एक बटण आणि वर दोन चकत्या. ऑक्टेव्ह पेडल. दुकानदाराने तुला सांगितलं होतं की बेंजोची वायर इकडून घाला, तिकडून आवाज एक सप्तक खाली येतो, खर्जात, चकती फिरवली की मूळ आवाज आणि खालचा आवाज मिसळतात. तू आईला खाटेवर बसवून समजावत होतास की आता तुला ताण न्हाय, हा डबा वरखाली सगळा बघेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. काळी एक सप्तकभर खाली नेली तरी ती काळी एकच राहते. डबा मजला बदलतो, घर बदलत नाही. तुला हे माहीत नव्हतं असं म्हणू नकोस, खर्जाचा सा आणि मधला सा एकाच घरातले असं तूच मला बोटांवर मोजून दाखवलं होतंस. तू मुंबई गाठलीस, दुकानं पालथी घातलीस, पण हाताशी होत्या त्या खुंट्या फिरवल्या नाहीस.

वर तो डबा बेंजोवर चाललाही नाही. त्या जातीच्या डब्याला एका वेळी एकच सूर कळतो. दोन तारा एकदम वाजल्या की तो गोंधळतो, याच्यामागे जाऊ की त्याच्यामागे, आणि मोटार सुरू झाल्यावर नळातून आधी हवा येते तसा गुरगुरायला लागतो. बेंजोवर तर प्रत्येक फटक्याला सगळ्या तारा वाजणार, सूर धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारासुद्धा. त्यात तू डबा लावलास इकोच्या मशीनच्या मागे, म्हणजे आधीच घुमवलेला आवाज त्याच्या पोटात गेला. दारातल्या कोंबड्या पळाल्या. आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आवाज न करता, खांदे हलवत. तू डबा वायरीत गुंडाळून फळीवर टाकलास.

नंतर तूच तो मला दिलास, हे खरं. बंद पडलेल्या कुठल्याशा पार्टीची एक इलेक्ट्रिक गिटार घरी पडून होती, ती मी घेऊन बसायचे. तू दारात टेकून ऐकायचास आणि जे सांगायचास ते बरोबर असायचं. एका वेळी एक तार छेड, दुसऱ्या तारांवर हाताची कड ठेव म्हणजे त्या गप्प बसतील. अगदी मोकळ्या जाड तारेवर नको, गिटारच्या दांडीच्या मध्यावर वाजव, तिथे डबा सूर नीट पकडतो. टोनची चकती खाली घे. डबा सगळ्यात आधी लाव, बाकीचं त्याच्यामागे. माझ्या तारांमधला एवढासा गोंधळ तुला ऐकू यायचा, आणि माझ्यासाठी तू दिवसच्या दिवस डोकं चालवायचास. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, त्यातला एक दिवस तिला द्यायचा होतास.

पार्टी तुझ्यामागोमाग संपली. आईचा आवाज हळूहळू आला, पण बोलण्यापुरता, आणि गायला कोणी सांगितलंच नाही. मी वडप्याला एका गोदामाच्या ऑफिसात लागले, सुट्टीत कुणाच्या ऑर्केस्ट्राला माणूस कमी पडलं की गिटार घेऊन जाते. आता भाचीचं लग्न ठरलं तेव्हा ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, डीजे काय वाजायचा आहे तो वाजू दे, पण हळद लागताना तू गायची. आईने तिच्या केसांतून हात फिरवला, नाही म्हणाली नाही.

तुझा डबा केव्हाच गंजून गेला होता, म्हणून मी नवा घ्यायला गेले. दुकानातल्या पोराने विचारलं, भाई के लिए देख रही हो? मी म्हटलं, अपने लिए. मग त्याने मला सगळ्यात महाग डबा दाखवला, वरचं सप्तक, खालचं सप्तक, आख्खा कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, दाबला तरी न गोंधळणारा. मी म्हटलं, मला कॉर्ड नको, एक सा धरून ठेवायचाय आणि त्याच्याखाली खर्ज. मूळ आवाजाची चकती वेगळी पाहिजे, खालच्याची वेगळी, आणि तार छेडल्यावर खालचा सूर उशिरा यायला नको, गाणारी म्हातारी आहे. मी गिटार लावून प्रत्येक डबा हळू छेडून बघितला, कारण जोरात वाजवलं की सगळेच चांगले वाटतात. सूर विरताना कोण अडखळतो ते बघायचं असतं. जो शेवटपर्यंत अडखळला नाही तो घेतला. हे बघणंही तुझंच. राग आला तरी नाकारता येत नाही.

हळदीच्या आधी एका दुपारी आईला खाटेवर बसवलं, गिटार मांडीवर घेतली आणि तिला विचारलं, आई, तू कुठल्या पट्टीत गाशील? तिला प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारलं, तुझ्या गळ्याला कुठे बरं वाटतं, तिथून सुरू कर, मी तारा तिथे लावते. मग तिने दरवाज्याकडे बघितलं, बाबा. याचं उत्तर दुसऱ्या कोणाला तरी द्यायचंय आणि ते माणूस आता आत येईल, तसं बघितलं. म्हणाली, "मना काय इचारतेस? तुमी लावा, मी गाईन मागून. इतकी वर्सा कोनी इचारला न्हाय."

मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत आले तेव्हा ती आपल्या आपण गुणगुणत होती. आवाज पार खाली आलेला, मध्ये मध्ये चिरलेला, पण ताण कुठेच नाही. तिचा सा मी शोधला, तो काळीत बसेना की पांढरीत बसेना, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. मग खुंट्या फिरवल्या. वहिनीने गॅसवर चहा ठेवला होता तो उकळेपर्यंत गिटार तिच्या गळ्याला लागलीसुद्धा. एवढंच होतं. एवढ्यासाठी तिने गळा घालवला, खुणांनी मीठ मागितलं, आणि गाणारी बाई इतकी वर्षं गप्प बसली. नवा डबाही निमूट चालला. त्याला काळी-पांढरी काही कळत नाही, जो सूर द्याल त्याच्याच खालचा देतो. आधी तिला विचारायचं, मग तार, मग डबा. तू उलट्या बाजूने सुरुवात केलीस, आणि तुझ्या कीबोर्डवाल्याकडे तर एक बटण दाबलं की पट्टी बदलायची सोय होती, ते बटण तू त्याला कधी दाबू दिलं नाहीस.

काल मांडवात डीजे बंद केला, मी सा धरला आणि आई गायली. भाची पाटावर रडत होती, बायका मागून ओळी उचलत होत्या. आई कुठे ओरडली नाही. एका कडव्याशेवटी तिने श्वास घ्यायला आवाज सोडला आणि तिथे माझा खर्ज एकटाच उरला, जाड, संथ. ती त्याच्यावर टेकून थांबली आणि मग पुढे गेली.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. आईला तर नाहीच, तुझ्याविरुद्ध एक शब्द ती ऐकून घेत नाही. सगळ्यांना सांगितलं की आमच्यात खालचे सूर वाजवणारा बेसवाला नव्हता म्हणून डबा लावला. बेसवाला मिळत होता, बाबा, भाऊ आणायलाही तयार होता. मीच नको म्हटलं. तिच्या आवाजाखालची खर्जाची जागा तुझी होती, ती दुसऱ्या कुणाला द्यायचं माझ्या जिवावर आलं.