रिफिलच्या नोटिशीचं उत्तर

चि. विनीत यास मालनमावशीचे पोटभर आशीर्वाद. (नोटिशीच्या उत्तरात 'महोदय' लिहितात असं वरच्या मजल्यावरची रंजिता म्हणाली. पण ज्याचं नाक मी पदराने पुसलंय त्याला महोदय कसं लिहू?) तुझी तब्येत ठीक असेलच. सुचित्राताईच्या गुडघ्याला आराम पडला का? माझं म्हणशील तर गेल्या आठवड्यात तुझी नोटीस येईपर्यंत मी ठणठणीत होते.

पाकीट एवढं जाड आणि गुळगुळीत होतं की मला वाटलं कुणाची तरी लग्नपत्रिका आली. रंजिता बँकेत आहे, तिने इंग्रजी वाचून अर्थ सांगितला. कार्ट्रिजला नखाएवढी चिप असते, तिच्यावर म्हणे तू जिची वकिली करतोस त्या प्रिंटर कंपनीचं पेटंट आहे. म्हणून मी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बाहेरची कार्ट्रिजं विकायची नाहीत, आणि जुन्यांत सिरिंजने शाई भरते तेही करायचं नाही, तसं येत्या शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचं, नाहीतर कोर्ट. मी आजवर पेटंट म्हणजे तुझ्या आईचं 'तरी मी सांगत होते' एवढंच समजत होते. ते वाक्य घरात दुसरं कुणी बोलायला धजत नाही, पण ताईने त्यासाठी कुणाला नोटीस नाही पाठवली!

नोटिशीत 'सीस अँड डिझिस्ट' आहे. रंजिताने अर्थ सांगितला, थांबा आणि लांब राहा. मी कायदा पाळणारी बाई (रेशनच्या रांगेतसुद्धा कधी मध्ये घुसले नाही), म्हणून दोन दिवस मी दुकानाबाहेर स्टुलावर लांब बसले आणि गिऱ्हाइकांना तिथून सांगत राहिले, हिरवं बटण दाबा, तांबडं नको. शेजारच्या कुशाबाभाऊजींना सत्यनारायणाची पंचवीस निमंत्रणं काढायची होती. काचेवर त्यांचं आधार कार्ड राहिलं होतं, त्याच्याच पंचवीस मोठ्या प्रती निघाल्या. कागद फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी मागे पूजेची वेळ लिहून त्याच चाळभर वाटल्या! (गर्दी चांगली झाली. भाऊजींचं खरं वय बघायला अर्धी चाळ आली होती.) वर मलाच म्हणतात, "गे मालन, मशीन तुझा, शाई तुझी, मगे परमिशन कोणाची व्हयी?"

तरी मी नमतं घेतलं. रंजिताचा नवरा मयूर दुबईहून यायचा होता, त्याच्याकडून कंपनीचं अस्सल, सीलबंद कार्ट्रिज मागवलं. हळदकुंकू लावून आत बसवलं, तर प्रिंटर म्हणतो, हे कार्ट्रिज या देशाचं नाही! कंपनी तीच, शाई तिचीच, चिपही तिचीच, आणि मशीन ओळख दाखवेना. शेवटी माझं जुनं कार्ट्रिज काढलं, सिरिंजने शाई भरली आणि मोठ्या अक्षरांत पाटी छापली : 'येथे यापुढे शाई भरून मिळणार नाही.' ती पाटी लावली मात्र, बंद व्हायच्या आत भरून घ्यावी म्हणून दूध केंद्रापर्यंत रांग लागली. एवढी गिऱ्हाइकं मी गणपतीच्या दिवसांतही पाहिली नव्हती.

आता थट्टा पुरे. मला एक समजव. दुकानदाराने मला डबा विकला. आता त्यात मी पोहे भरायचे की रवा, हे तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन सांगणार का? बाहेरच्या नकली कार्ट्रिजांचं म्हणशील तर ती मी उद्यापासून ठेवणार नाही, चूक ती चूक. पण रिकाम्यात शाई भरणं मी सोडणार नाही. तुझे काका गेल्यापासून सकाळी साडी बदलून घराबाहेर पडायला मला एवढं एकच कारण उरलंय. नोटिशीखाली तुझी सही पाहिली आणि मला फार वाईट वाटलं, विनीत. न वाचता केली असशील तर वकील म्हणून वाईट, आणि वाचून केली असशील तर भाचा म्हणून. फोन केला तर तू मीटिंगमध्ये, म्हणून हे पत्र.

ताईला यातलं काही सांगू नकोस. ती काय म्हणेल ते तुलाही पाठ आहे.

तुझी,
मालनमावशी

ता. क. : नोटिशीचं उत्तर वकिलाकडून जायला हवं म्हणे. घरचा वकील असताना बाहेरच्याचे पाय कशाला धरू? तूच लिही. प्रकरण तुला सुरुवातीपासून माहीत आहे. डब्याचा मुद्दा नक्की घाल. (दोन्हीकडून तुलाच लिहिता येत नाही असं रंजिता म्हणते, पण ती बँकेतली, तिला काय कळतंय!)

ता. क. २ : नोटिशीची तुझ्याकडची प्रत उजेडात धरून बघ. काळी अक्षरं कडेला जांभळी दिसतात ना? ती शाई माझी. तुमच्या ऑफिसचा शिपाई मनू दर पंधरवड्याला दोन कार्ट्रिजं माझ्याकडून भरून नेतो. त्याला ओरडू नकोस, तुमचं ऑफिस तोच चालवतो. या खेपेची दोन्ही भरून तयार आहेत, पण तुझ्या सहीचा मान राखून मी ती अडवून ठेवली आहेत. तेव्हा माझं उत्तर छापायला बसशील, त्याआधी स्वतः येऊन घेऊन जा.