उलटा रोवलेला साग

माघ वद्य तृतीया, दिवेलागण

गोठ्यापुढचा आमचा साग आज नदीत गेला. बैलाच्या दाव्यानं बुंध्याला पडलेला तो खोल वळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तोडायला मी तयार नव्हतो. वडिलांनी लावलेलं झाड! पण गेल्या पावसाळ्यात लेक माहेरी यायच्या आधीच पूर आला. ती पलीकडं सासरीच बाळंत झाली, आणि पाणी उतरेपर्यंत आमची ही या काठावरून तिच्या घराकडं नुसती बघत बसली. आता नदीवर पूल बांधताहेत, त्याच्या पायातल्या खांबांना लाकूड पाहिजे म्हटल्यावर हीच म्हणाली, "द्या त्यो साग."

खांब शेंडा खाली करून ठोकतात, हे मला कुठं ठाऊक! माणसं दोरानं लोखंडी ठोकळा वर ओढत आणि सोडून देत. दर घावाला झाड वाळूत उतरायचं. वळ पाण्याला टेकला. मग तोही बुडाला.

"साहेब, कुजंल की," मी पुलाचं काम बघणाऱ्या ओव्हरसियरना म्हणालो.

"पाटील, हमेशा पानी में रहा तो सडता नै. इसके उपर पत्थर चढेंगे."

म्हणजे अख्खा पूल आमच्या झाडावर? अंधारात, पाण्याखाली, उलटं उभं राहून ते सगळं पेलणार, आणि कुणाला दिसणारसुद्धा नाही?

घरी येऊन बैलाचं दावं हातात घेतलं आणि सवयीनं गोठ्यापुढं गेलो. बांधू कशाला? तसाच उभा राहिलो.

ही दारातून म्हणाली, "दुसरीकडं बांधा की. त्यो कामाला गेलाय."